नोकरांचे भाग आणि त्यांचें मत

एखाद्या कंपनीचा मालक आपल्या नोकरांना कंपनीचे भाग, म्हणजेच शेअर, वांटून देतो, अशी बातमी वाचली कीं आपल्या मनांत त्या मालकाविषयीं सहजच आदर उत्पन्न होतो. पगार, बोनस व फंड यांच्या पलीकडे जाऊन नोकराला मालकींत वांटा द्यावयाचा, यांत औदार्य आहे यांत शंका नाहीं. परंतु कंपनीच्या भागाला दोन अंगें असतात. एका अंगानें तो नफ्याचा वांटा देतो, आणि दुसऱ्या अंगानें कंपनीच्या सर्वसाधारण सभेंत मत देण्याचा हक्क देतो. नफ्याचा वांटा नोकराच्या घरीं पोंचला, तरी त्याच्या भागाचें मत कोणाच्या हातीं पडतें, हें त्या बातमींत सहसा सांगितलेलें नसतें. गेल्या साठ वर्षांत हा प्रश्न इंग्लंड व अमेरिका येथील न्यायालयांसमोर वारंवार आला आहे, आणि आपल्या देशांतील कायद्यालाहि त्याची दखल घ्यावी लागली आहे. विशेष हें कीं, यांतील कांहीं नामांकित खटले घराण्याच्या हातीं असलेल्या कंपन्यांतूनच निघाले. आजच्या भाषणांत त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

घराण्याच्या कंपनींतच हा वाद कां पेटावा, हें एका साध्या हिशेबावरून कळेल. समजा, एका कंपनीचे एकंदर शंभर भाग आहेत. वडिलांच्या पश्चात् दोघां भावांकडे प्रत्येकीं पंचेचाळीस भाग आले, आणि उरलेले दहा भाग नोकरांसाठीं म्हणून एका विश्वस्ताच्या नांवावर ठेवले. भाऊ एकविचारानें चालत आहेत तोंपर्यंत त्या दहा भागांची कोणास आठवणहि होत नाहीं. ज्या दिवशीं दोघांचें बिनसतें त्या दिवशीं कंपनीची किल्ली त्या दहा भागांत आहे, असें दोघांच्याहि ध्यानांत येतें. नव्वद भागांचे धनी समोरासमोर अडून बसतात, आणि दहा भाग ज्याच्या बाजूस पडतील तो संचालक मंडळ निवडतो, पगार ठरवितो, कारखाना विकावयाचा कीं ठेवावयाचा याचा निर्णय करतो. मग तो विश्वस्त कोणीं नेमला, तो कोणाच्या सांगण्यावरून मत देणार, ज्यांच्यासाठीं ते भाग ठेवले त्या नोकरांना कोणी विचारणार कीं नाहीं, असे प्रश्न एकदम उभे राहतात. बाहेरचा एखादा धनिक कंपनी विकत घेण्यास आला, तरीहि हिशेब हाच राहतो. फक्त दुसऱ्या भावाच्या जागीं तो परका मनुष्य बसतो.

येथें विश्वस्ताची व्यवस्था थोडी स्पष्ट केली पाहिजे. नोकराजवळ भाग विकत घेण्याइतकी शिल्लक बहुधा नसते. म्हणून कंपनी एक ट्रस्ट स्थापन करते व त्याला स्वतः कर्ज देते किंवा बँकेकडून देववते. त्या पैशांतून ट्रस्ट भाग खरेदी करतो, आणि जसजसें कर्ज फिटत जातें तसतसे ते भाग एकेका नोकराच्या खात्यावर जमा होतात. खात्यावर जमा झालेल्या भागांचा धनी कोण, हें स्पष्ट असतें. पण जे अजून कोणाच्याच खात्यावर चढले नाहींत, ते मधल्या काळांत विश्वस्ताच्या हातांत पडून राहतात. कंपनीनें आपलेच भाग घेण्यासाठीं कोणास पैसा पुरवूं नये, असा इंग्लंडच्या व आपल्या कंपनी-कायद्याचा जुना दंडक होता. पण नोकरांच्या हिताची योजना हा त्याला मान्य केलेला अपवाद होता. अपवाद चांगल्या हेतूनें ठेवला होता. आणि ज्याला कंपनीवरील आपली पकड टिकवावयाची आहे त्यालाहि तोच दरवाजा मोकळा सांपडला.

या बाबतींतील पहिला महत्त्वाचा खटला इंग्लंडांतील क्रॅम्फॉर्न कंपनीचा होय. ही धान्य व बियाणें यांचा व्यापार करणारी, घराण्याचें नांव धारण करणारी कंपनी. तिचे अध्यक्ष व मॅनेजिंग डायरेक्टर कर्नल क्रॅम्फॉर्न हेच होते. १९६३ सालीं बॅक्स्टर नांवाच्या गृहस्थानें कंपनीचे भाग विकत घेऊन ती ताब्यांत घेण्याची इच्छा दर्शविली. संचालकांना तें रुचलें नाहीं. कंपनी परक्याच्या हातीं गेली तर नोकरवर्ग अस्वस्थ होईल व धंद्याचें नुकसान होईल, असें त्यांना प्रामाणिकपणें वाटत होतें. त्यांनीं नोकरांच्या कल्याणासाठीं एक ट्रस्ट निर्माण केला, आणि कंपनीचे जे ५,७०७ अग्रहक्काचे भाग अद्याप विकले गेले नव्हते, ते त्या ट्रस्टला दिले. पैसा कंपनीनेंच बिनव्याजी पुरविला. इतर भागांना एकेक मत होतें. या भागांना मात्र प्रत्येकीं दहा मतें जोडण्यांत आलीं. अशा रीतीनें सत्तावन्न हजारांवर मतें एका रात्रींत निर्माण झालीं, आणि संचालक व त्यांचे स्नेही यांच्या मतांशीं त्यांची बेरीज केली असतां ती निम्म्याहून किंचित् अधिक भरत होती. विश्वस्तांत अध्यक्ष स्वतः होतेच.

बॅक्स्टरच्या बाजूचे एक भागधारक हॉग यांनीं फिर्याद लावली. न्यायमूर्ति बक्ले यांचा निर्णय आजहि कायद्याच्या वर्गांतून शिकविला जातो. संचालकांचा हेतु अप्रामाणिक होता, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. कंपनीचें भलें व्हावें म्हणूनच त्यांनीं हें केलें, हेंहि त्यांनीं मान्य केलें. तथापि, नवे भाग काढण्याचा अधिकार संचालकांना विश्वासानें दिलेला असतो आणि तो ज्या कामासाठीं दिला त्याच कामासाठीं वापरला पाहिजे. कंपनीवर कोणाची सत्ता असावी हें ठरविण्याचा हक्क भागधारकांचा आहे. संचालकांनीं नवे भाग काढून तो हक्क निष्फळ करूं नये, मग त्यांची भावना कितीहि शुद्ध असो. दहा मतें जोडण्याचा भाग तर कंपनीच्या नियमांनाच धरून नव्हता, म्हणून तो मुळांतच रद्द ठरला.

परंतु न्यायमूर्तींनीं खटला तेथेंच संपविला नाहीं. संचालकांनीं जें केलें त्याला मान्यता द्यावयाची कीं नाहीं, हें भागधारकांच्या सभेनें ठरवावें, मात्र त्या सभेंत या नव्या भागांच्या वतीनें कोणींहि मत देऊं नये, असा मार्ग त्यांनीं काढून दिला. सभा भरली, आणि जुन्या भागधारकांच्या बहुमतानें संचालकांच्या कृत्यास मान्यता मिळाली. म्हणजे अखेर संचालकच यशस्वी झाले. तरी या निकालाचें महत्त्व कमी होत नाहीं. ज्या मताविषयींच वाद आहे, त्याच मतानें तो वाद मिटवितां येत नाहीं, हें तत्त्व या खटल्यानें घालून दिलें.

आतां अटलांटिकपलीकडे जाऊं. अमेरिकेंत नोकरांच्या भागांच्या कल्पनेला व्यवस्थित रूप दिलें तें लुई केल्सो या वकिलानें. १९५६ मध्यें कॅलिफोर्नियांतील पेनिन्सुला न्यूजपेपर्स या वृत्तपत्रसंस्थेच्या वृद्ध मालकांना निवृत्त व्हावयाचें होतें, आणि नोकरांना ती संस्था घ्यावयाची होती. केल्सोनें ट्रस्ट व कर्ज यांची सांगड घालून तो व्यवहार जुळवून दिला. वृत्तपत्राच्या धंद्यांतच पुढें या योजनेवर मोठा कज्जा झाला, तो कोलोरॅडो संस्थानांतील डेन्व्हर पोस्ट या दैनिकाचा.

हें पत्र बॉनफिल्स व टॅमन या दोन भागीदारांनीं १८९५ सालीं विकत घेऊन नांवारूपास आणलें होतें. बॉनफिल्सच्या पश्चात् त्याच्या दोन मुली राहिल्या. थोरली मे आणि धाकटी हेलन. मेनें बापाच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून घरांत दुरावा होता, आणि वारशावरून तो कोर्टापर्यंत गेला. पत्राचा कारभार हेलनच्या हातीं राहिला. १९६० मध्यें मेनें आपले सुमारें पंधरा टक्के भाग सॅम्युएल न्यूहाऊस या वृत्तपत्रसम्राटाला विकून टाकले. ठिकठिकाणचीं पत्रें विकत घेणें हाच त्याचा व्यवसाय होता. हेलन व तिचे सल्लागार सावध झाले. त्यांनीं नोकरांचा एक ट्रस्ट स्थापन केला. टॅमनकडून आलेले जे भाग मुलांच्या एका इस्पितळाच्या नांवावर होते, ते पत्राच्या पैशानें खरेदी करून पुढें नोकरांकडे वळवावयाचे, असा बेत आंखला.

न्यूहाऊसच्या कंपनीनें १९६८ सालीं दावा लावला. तिचें म्हणणें असें कीं, नोकरांचें नांव पुढें करून कंपनीचा पैसा उधळला जात आहे, आणि त्याचा खरा उपयोग कारभाऱ्यांच्या खुर्च्या राखण्याकडे होत आहे. खालच्या न्यायालयास हें पटलें. वरिष्ठ न्यायालयानें मात्र १९७२ च्या अखेरीस तो निकाल फिरविला. वृत्तपत्र हा एक प्रकारें सार्वजनिक व्यवसाय आहे, त्याच्यावर भागधारकांप्रमाणेंच नोकरांचें व जनतेचेंहि ऋण असतें, आणि पत्र स्थानिक लोकांच्या व नोकरांच्या हातीं राहावें असा विचार कारभाऱ्यांनीं केला तर तो कर्तव्यभंग होत नाहीं, असें त्या न्यायालयानें म्हटलें. हेलन बॉनफिल्स त्याच वर्षीं, निकालापूर्वीं, निवर्तली होती. मात्र इतक्या कष्टानें राखलेलें हें पत्र १९८० सालीं साडेनऊ कोटि डॉलरांना लॉस एंजेलिसच्या टाइम्स मिरर कंपनीला विकलें गेलें, हेंहि सांगितलें पाहिजे.

हे दोन निकाल शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे ते परस्परविरुद्ध दिसतात. पण दोहोंच्या पोटांत प्रश्न एकच आहे: नोकरांना भाग देणें हा खरा हेतु होता, कीं सत्ता टिकविणें हा हेतु असून नोकर हें निमित्त होतें? क्रॅम्फॉर्नच्या न्यायमूर्तींनीं मुख्य हेतु सत्तेचा आहे असें ठरविलें, आणि मग नोकरांच्या हिताची भाषा त्यांना पुरेशी वाटली नाहीं. डेन्व्हरच्या वरिष्ठ न्यायालयाला नोकरांचा हेतु खरा वाटला, आणि मग सत्ता टिकली ही गोष्ट त्यांना दोषास्पद वाटली नाहीं. माणसाचा हेतु बाहेरून दिसत नाहीं. न्यायालयें तो कृतीवरून ताडतात. भाग कोणत्या क्षणीं दिले, घाई कितपत केली, पैसा कोणाचा, विश्वस्त कोण, आणि दिलेलें मत देणाऱ्याच्या विरुद्ध जाऊं शकतें कीं नाहीं, हे सर्व पुरावे होत. यांतला शेवटचा पुरावा मला सर्वांत निर्णायक वाटतो.

तिसरें उदाहरण तर थेट भाऊबंदकीचें आहे. सामान वाहून नेण्याच्या गाड्या भाड्यानें देणारी यू-हॉल ही अमेरिकेंतील प्रसिद्ध कंपनी एल. एस. शोएन व त्यांची पत्नी यांनीं १९४५ सालीं पांच हजार डॉलरांच्या भांडवलावर उभी केली. धंदा देशभर पसरला. शोएन यांनीं आपल्या हयातींतच जवळजवळ सारे भाग मुलांना वांटून दिले, आणि स्वतःकडे अवघे दोन टक्क्यांच्या आसपास ठेवले. मुलें एकमेकांस धरून राहतील, असा त्यांचा भरंवसा होता. १९८६ मध्यें जो व मार्क या मुलांनीं भावंडांच्या मतांच्या बळावर बापालाच कारभारांतून दूर केलें. दोन वर्षांनीं वारें फिरलें. बाप, थोरला मुलगा सॅम व कांहीं बहिणी मिळून एक गट झाला, आणि बहुमत आपल्याकडे आलें असें त्यांस वाटूं लागलें. तेव्हां १९८८ च्या जुलै महिन्यांत सत्तारूढ संचालकांनीं कंपनीचे ८,०९९ नवे भाग आपल्या विश्वासांतील पांच अधिकाऱ्यांना दिले, आणि बहुमताचें पारडें पुन्हा आपल्याकडे झुकविलें.

हे पांचहि जण कंपनीचे नोकर होते, आणि नोकरांना भाग देणें ही गोष्ट कोणत्याहि देशांत बेकायदा नाहीं. पण ज्यूरीला हें दान पटलें नाहीं. १९९४ सालीं अॅरिझोनांतील न्यायालयांत तिनें संचालकांना कर्तव्यभंगाबद्दल दोषी ठरवून जवळजवळ दीड अब्ज डॉलरांची भरपाई ठोठावली. ती रक्कम न्यायाधीशांनीं पुढें सुमारें शेहेचाळीस कोटि डॉलरांवर आणली, आणि तिच्या बदल्यांत फिर्यादी भावंडांनीं आपले भाग सोडून द्यावे असें ठरलें. दोषी संचालकांनीं दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला, आणि अखेर रक्कम चुकती करण्याचा बोजा कंपनीनें उचलला. फिर्यादी जिंकले खरे, पण बापानें उभारलेल्या कंपनींतून कायमचे बाहेर पडले. आणि कंपनी ज्यांच्या हातीं होती त्यांच्याच हातीं राहिली. बाप १९९९ मध्यें वारला.

येथवर आपण भाग देणाऱ्यांच्या हेतूचा विचार केला. आतां ज्यांच्या हातांत तें मत प्रत्यक्ष असतें त्या विश्वस्तांकडे वळूं. अमेरिकेच्या १९७४ च्या कायद्यानें नोकरांच्या भागयोजनांना निवृत्तिवेतनाच्या निधीसारखेंच मानलें, आणि विश्वस्तानें केवळ नोकरांच्या हिताकडे पाहिलें पाहिजे असा दंडक घातला. मताच्या बाबतींत तेथील करविषयक कायदा दोन प्रकार करतो. कंपनीचे भाग जर बाजारांत नोंदलेले असतील, तर खात्यावर जमा झालेल्या भागांचें मत प्रत्येक विषयावर नोकरानें सांगावें तसें दिलें पाहिजे. परंतु खाजगी, म्हणजे बहुशः घराण्याच्या, कंपनींत विलीनीकरण, विसर्जन किंवा सर्व मालमत्तेची विक्री अशा मोजक्या मोठ्या प्रश्नांवरच नोकराला विचारावें लागतें. संचालक कोण असावेत, या रोजच्या सत्तेच्या प्रश्नावर विश्वस्त मत देतो, आणि विश्वस्ताची नेमणूक सामान्यतः ते संचालकच करतात. वर्तुळ असें पुरें होतें.

नोकर मुळीं बोललाच नाहीं, किंवा भाग अजून कोणाच्याच खात्यावर गेले नाहींत, तर काय करावयाचें? या प्रश्नाचा निकाल पोलेरॉइड या कॅमेऱ्याच्या कंपनीवरून लागला. ही कंपनी घराण्याची नव्हती. तिच्यावर चालून आलेली शॅमरॉक कंपनी मात्र डिस्ने घराण्यांतील रॉय डिस्ने यांची होती. पोलेरॉइडनें सुमारें चौदा टक्के भाग नोकरांच्या ट्रस्टला दिले, आणि त्यासाठीं नोकरांच्या पगारांत पांच टक्के कपातहि केली. डेलावेअरच्या न्यायालयानें १९८९ मध्यें ही योजना न्याय्य ठरविली. ज्यांनीं आपलें मत सांगितलें त्यांच्याच प्रमाणांत उरलेल्या भागांचा कौल धरावा, असा त्या योजनेंत नियम होता. वरवर पाहतां तो समतोल वाटतो. पण पुढें भाग विकावयास देण्याचा प्रसंग आला तेव्हां विश्वस्त बँकेनें त्याच प्रमाणानें, स्वतः विचार न करतां, कोणाच्याहि खात्यावर न चढलेले भागहि देऊन टाकले. त्यावरून सरकारच्या कामगार खात्यानें फिर्याद केली. १९९७ मध्यें फेडरल अपील-न्यायालयानें सांगितलें कीं, अशा भागांच्या बाबतींत नोकरांच्या संख्येचा आधार घेऊन विश्वस्ताला आपली जबाबदारी टाळतां येत नाहीं. त्यानें स्वतःच्या विवेकानें निर्णय केला पाहिजे.

आतां आपल्या देशाकडे पाहूं. क्रॅम्फॉर्न खटल्यांतील तत्त्वाची चर्चा आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालीं नीडल इंडस्ट्रीजच्या प्रसिद्ध खटल्यांत केली. मुख्य न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड, जे मूळचे पुण्याचे, यांनीं तो निकाल लिहिला. नीलगिरींतील सुया तयार करणाऱ्या या कंपनींत सुमारें साठ टक्के भाग इंग्रज कंपनीकडे होते, आणि उरलेल्यांपैकीं बहुतेक भाग भारतीय मॅनेजिंग डायरेक्टर व त्यांच्या गटाकडे होते. परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणें परदेशी वांटा कमी करणें भाग होतें, म्हणून १९७७ मध्यें १६,००० नवे भाग काढण्यांत आले. इंग्रज कंपनीला पाठविलेलें पत्र नेमकें अशा वेळीं टपालांत पडलें कीं, तें तिकडे पोंचावें त्याच दिवशीं इकडे भागांची वांटणी व्हावी. न्यायालयानें नवे भाग रद्द केले नाहींत. कारण ते काढण्यास कायद्याचेंच खरें कारण होतें, आणि त्यांत संचालकांचा आनुषंगिक लाभ झाला एवढ्यानें कृत्य दूषित होत नाहीं. पण झालेला अन्याय न्यायालयानें दुर्लक्षिला नाहीं. इंग्रज कंपनीला ८,५४,५५० रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला. हा खटला नोकरांच्या ट्रस्टचा नव्हे. तरी नव्या भागांनीं सत्तेचें पारडें हलविल्यास हेतूची छाननी होईल, हें आपल्याकडेहि त्यानें निश्चित केलें.

ट्रस्टच्या मताविषयीं आपल्या कायद्यानें अमेरिकेहून निराळा मार्ग धरला आहे. बाजारांत नोंदलेल्या कंपन्यांसाठीं सेबीनें २०१४ सालीं नियम केले, व २०२१ च्या नव्या नियमांतहि तेच तत्त्व ठेवलें. ट्रस्टच्या नांवावर असलेल्या भागांच्या वतीनें विश्वस्तानें मतच द्यावयाचें नाहीं. मताधिकाराचा दुरुपयोग टळावा, हें कारण त्या नियमांत स्पष्ट शब्दांत लिहिलेलें आहे. भाग नोकराच्या स्वतःच्या नांवावर आला कीं मग त्याचें मत त्याचें. प्रवर्तकांना, म्हणजे ज्या घराण्याच्या हातीं कंपनीची सूत्रें असतात त्या मंडळींना, या योजनांतून भाग घेतांच येत नाहींत. याशिवाय २०१३ च्या कंपनी-कायद्याखालील नियमांप्रमाणें सार्वजनिक कंपनीनें नोकरांच्या भागांसाठीं ट्रस्टला पैसा पुरविला, आणि त्या भागांचें मत नोकरांनीं स्वतः न देतां दुसऱ्या कोणीं दिलें, तर त्याची माहिती संचालकांच्या वार्षिक अहवालांत द्यावी लागते. कोणत्या नोकरांनीं मत दिलें नाहीं, कां दिलें नाहीं, त्यांच्या वतीनें कोणीं दिलें, कोणत्या ठरावावर, बाजूनें कीं विरुद्ध, इतका तपशील त्यांत यावा लागतो. ज्या घरांत असा वार्षिक अहवाल टपालानें येतो, तेथें तो एरव्हीं न उघडतां रद्दींत जातो. यापुढें निदान हें एक पान वाचून पाहावें.

तरीहि एक मोठी फट राहतेच. खाजगी कंपनींत, जेथें घराण्याची सत्ता सर्वांत घट्ट असते, तेथें यांतील बहुतेक बंधनें लागू पडत नाहींत. भागांना मताधिकार कमी ठेवावा कीं मुळींच ठेवूं नये, हें आपल्या नियमावलींत ठरविण्याची मोकळीक अशा कंपन्यांना बरीच आहे. तेथें नोकराला आधार राहतो तो त्याच्या हातीं दिलेल्या करारपत्राचा व कंपनीच्या नियमावलीचा. अलीकडे नव्या धंद्यांतून काम करणाऱ्या तरुणांना पगाराचा एक हिस्सा म्हणून भाग देऊं करण्याची प्रथा पडली आहे, म्हणून हा विषय केवळ वकिलांचा राहिलेला नाहीं. मुलगा किंवा सून असा कागद घेऊन घरीं आली, तर वडीलधाऱ्यांनीं किंमतीची चौकशी करण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या. भाग तुझ्या नांवावर केव्हां येणार, कीं तो ट्रस्टकडेच राहणार? तोंपर्यंत त्याचें मत कोण देणार, आणि त्याची नेमणूक कोण करतो? भागाबरोबर एखादें मुखत्यारपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र सही करून मागितलें आहे काय, आणि तें परत घेतां येतें काय?

हे प्रश्न विचारण्यांत मालकाचा अपमान नाहीं. क्रॅम्फॉर्नचे संचालक किंवा हेलन बॉनफिल्स यांच्या मनांत नोकरांविषयीं आपुलकी नव्हती असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. परंतु नोकराची रोजची मिळकत ज्या कंपनीवर चालते, तिच्यांतच त्याची म्हातारपणाची ठेवहि गुंतली, म्हणजे त्या कंपनीचा कारभार बिघडल्यास त्याचें दोन्हीं बाजूंनीं नुकसान होतें. कारभार बिघडतांना थांबविण्याचें त्याच्याजवळ एकच साधन आहे, आणि तें म्हणजे सभेंतील त्याचें मत. घरांतील भांडणांत तें मत एका भावानें दुसऱ्याविरुद्ध वापरलें, तर नोकराच्या हातांत नफ्यातोट्याचा कागद तेवढा उरतो. म्हणून भाग देणाऱ्या मालकानें तो देतेवेळींच त्याचें मत मोकळें सोडावें, आणि तें एखादे दिवशीं आपल्याविरुद्ध पडलें तरी तें मान्य करावें. अशा कंपनींतील नोकर वार्षिक सभेला गेला, तर तेथें तो खुर्ची भरण्यापुरता बसणार नाहीं.